केवळ प्रभूमध्ये

आमिश या अमेरिकेतल्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथातल्या बाईच्या झग्याला बटण नसतं. छातीवरची पट्टी, खांद्यांवरून पुढे येऊन कमरेशी निमुळती होणारी केप, वर एप्रन, हे सगळं साध्या टाचण्यांनी बसवायचं. टाचणी खोचली की तिचं टोक पुन्हा कापडाच्या आत वळवावं लागतं, नाहीतर कडेवरच्या लेकराला टोचतं. नवरा वारला की हाच पेहराव काळा होतो आणि वर्षभर काळाच राहतो. आईवडील किंवा मूल गेलं तरी वर्ष. आजीआजोबांसाठी सहा महिने, काका-मामा-मावश्यांसाठी तीन, चुलत-मावस भावंडांसाठी सहा आठवडे. मोठ्या गोतावळ्यात ही सुतकं एकात एक अडकत जातात. त्यामुळे शेताच्या बांधावर काळ्या झग्यातली बाई दिसली, तर ती कुणाचं सुतक पाळते आहे ते परक्या माणसाला कळायला मार्ग नाही. तो विचारायला धजावत नाही, ती आपणहून सांगत नाही. आमिश विधवा आणि बाहेरच्या जगातला पुरुष यांची गोष्ट लिहायची तर सुरुवात मी इथून करेन.

अमेरिकेत आमिश प्रेमकथांना गेली पंचवीस-तीस वर्षं प्रचंड वाचक आहे, आणि त्यात या जोडीची गोष्ट पुन्हा पुन्हा येते. तिची ओढ मला पुरेपूर कळते. दोन चांगली माणसं, दोन जगं, मध्ये एक कुंपण. पण ते कुंपण नेमकं कुठे घातलेलं आहे हे बहुतेक गोष्टींत चुकतं, आणि एकदा ते चुकलं की पुढचं सगळं रडणं-हसणं वाया जातं.

समजा, काळ १८८० च्या दशकाचा आहे आणि ठिकाण पेनसिल्व्हेनियातला लँकेस्टर परगणा. त्या काळावर लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे आजचे आमिश उचलून मागे नेऊन ठेवणं. ती कंदिलाच्या उजेडात बसलेली आणि तो विजेच्या दिव्यांतून आलेला, असं त्या गावात घडूच शकत नाही. रॉकेलचा दिवा दोघांच्याही घरी तोच, घोडा तोच, पाण्याचा हातपंप तोच. लँकेस्टरच्या आमिशांत टेलिफोनवरून वाद पेटला तो १९१० च्या आसपास, वीज आणि मोटारींचा प्रश्न त्यानंतरचा. त्यांच्या स्वतंत्र शाळाही विसाव्या शतकातल्या. १८८० मध्ये आमिश मुलं शेजारच्या ल्युथरन मुलांच्या मांडीला मांडी लावून एकाच खोलीच्या सरकारी शाळेत इंग्रजी धुळाक्षरं गिरवत होती. आमिश गोधड्यांचंही तसंच. त्यांच्याकडे त्या रुळल्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्यामुळे १७९० च्या पलंगावर आमिश गोधडी अंथरणाऱ्या लेखकावर माझा पुढे विश्वास बसत नाही.

भाषा हीसुद्धा भिंत नव्हती. घरात बोलली जाणारी डाइच ही जर्मन बोली आमिशांइतकीच आसपासच्या ल्युथरन आणि रिफॉर्म्ड शेतकऱ्यांची होती. म्हणजे रेडिंगहून आलेला परका तिच्याशी तिच्याच बोलीत, तिच्या आजीच्या म्हणी वापरून बोलू शकतो. तो तरीही ‘इंग्लिश’च. आमिश नसलेला प्रत्येक जण इंग्लिश. त्याच्या तोंडून स्वतःची भाषा ऐकताना तिला क्षणभर तो आपल्यातला वाटतो, आणि धोका त्या क्षणात आहे.

मग वेगळं काय होतं? आमिश माणूस कोर्टात शपथ घेत नसे, नुसतं खरं सांगतो म्हणून ग्वाही देई. हातात बंदूक धरत नसे. कोटाला बटणांऐवजी आकडे लावी. दाढी राखी, पण मिशी काढून टाकी, कारण मिशी शिपायांची. ओहायोत १८६५ मध्ये जुन्या वळणाच्या मंडळींनी जे नियम ठरवले, त्यांत घरावर वीजरोधक सळी लावणं, विमा उतरवणं, भिंतीवर माणसांच्या तसबिरी टांगणं अशा गोष्टींना मज्जाव आहे. त्या यादीकडे लेखकाच्या नजरेनं पाहिलं तर दारात येणाऱ्या परक्यांची अख्खी रांगच समोर उभी राहते: वीजरोधक विकणारा एजंट, विम्याचा माणूस, पत्र्यावर फोटो काढून देणारा फिरस्ता. ही सगळी माणसं खेड्यापाड्यांतून हिंडत होती, म्हणून तर मनाई करावी लागली.

लँकेस्टरसाठी मी मात्र तंबाखूचा व्यापारी निवडेन. सिगारच्या पानात हा परगणा तेव्हा अमेरिकेत आघाडीवर होता, आणि आमिश शेतकरीही ते पीक घेत. निपाणीकडच्या वाचकाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. वसंतात गादीवाफ्यावर रोप, मेअखेर-जूनमध्ये लावणी, ऑगस्टमध्ये शेंडा खुडायचा आणि मग बगलफूट काढत राहायचं. हिरव्या अळ्या हातानं वेचायच्या, आणि हे काम बहुधा मुलांच्या वाट्याला. उन्हाळा सरता सरता झाड बुडातून कापायचं, चार फुटी पट्टीच्या टोकाला लोखंडी भाल्याचं टोपण बसवून पाच-सहा झाडं तिच्यावर ओवायची आणि पट्ट्या शेडच्या आढ्यापर्यंत माळ्यामाळ्यांवर टांगायच्या. शेडच्या भिंतीतल्या उभ्या फळ्या हवेसाठी उघडतात. दमट, कोंदट दिवसांत त्या बंद राहिल्या तर पान टांगल्या जागी कुजतं. विधवेच्या घरी पहिली अडचण इथेच येते. ओल्या झाडांनी भरलेली पट्टी जड असते आणि वरच्या माळ्यावर पाय फाकून उभा राहणारा गडी लागतो. मुलं लहान असली तर दीर किंवा शेजारी आधी आपलं शेत उरकून मगच येणार.

वाळलेलं पान डिसेंबरच्या आसपास उतरवतात, पण हवेत ओल असेल त्याच दिवशी. कोरड्या हवेत हात लावला की पानाचा चुरा. उतरवलेला माल तळघरात ओलसर ठेवून पानं देठापासून ओरबाडायची, लांबीप्रमाणे लावायची आणि जुड्या बांधायच्या. हे काम घरातलं सगळं माणूस शेकोटीशी बसून करतं, आणि व्यापारी याच दिवसांत घरोघर फिरतो. तो पान मुठीवर ताणून पाहतो, पेटवून राख किती पांढरी पडते ते बघतो, आखूड पानं लांब पानांत लपवलीत का ते जुडी उकलून तपासतो. भाव तोंडी ठरतो. त्यानंतर बाजार पडला, तर माल गाडीवर चढताना ‘पान भिजकं आहे’ म्हणून भाव पाडणारे व्यापारी असत. बाई एकटी असली की ते जास्तच. तेव्हा आपला माणूस कसा आहे हे दाखवायला त्याला पुरातून कुणाला वाचवायची गरज नाही. बाजार पडल्यावरही त्याने ठरलेला भाव दिला, एवढं पुरे. आमिश घरात ही गोष्ट वर्षानुवर्षं लक्षात राहते.

त्याच्या ओठावर मिशी असेल, कारण तो लढाईवर जाऊन आलेला आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ च्या जूनअखेर, दक्षिणेचं सैन्य सस्क्वेहाना नदीपर्यंत येऊन थडकलं आणि २८ जूनला राइट्सव्हिलचा लाकडी पूल पेटवून देण्यात आला. नदीच्या अलीकडचा काठ लँकेस्टरचा. ती तेव्हा बारा वर्षांची असेल तर रात्रीचं तांबडं आकाश तिला आठवत असेल. तीन दिवसांनी गेटिसबर्गची लढाई सुरू झाली. तो तिथे होता, आणि तिच्या नात्यातला कुणी त्याच वर्षीच्या कायद्याप्रमाणे तीनशे डॉलर भरून लष्करातून सुटलेला असू शकतो. याबद्दल ते दोघं काय बोलतात, की बोलतच नाहीत, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

आता कुंपणाकडे येते. मराठी वाचक ‘विधवा’ हा शब्द वाचतो आणि अडसर वैधव्यातच असणार असं धरून चालतो. आपला इतिहासच तसा आहे. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, आणि त्याच शहरातून पुढच्या वर्षी त्यांनी बालवधू आणि विधवांचे हाल इंग्रजीतून जगापुढे मांडले. तिथून लँकेस्टर पश्चिमेला जेमतेम शंभर किलोमीटर. पण त्या शंभर किलोमीटरांवरच्या विधवेला केशवपन नव्हतं, आलवण नव्हतं, आणि दुसरं लग्न तिच्यासाठी पापही नव्हतं. उलट वर्ष सरलं की चुलत्या-मावश्या दुसऱ्या वस्तीवरच्या एखाद्या बिजवराचं नाव काढू लागत. तिला पोरं, त्याला पोरं, दोन्ही घरांना माणूस हवं. हे दुसरं लग्न पहिल्यासारखं नोव्हेंबरातल्या मंगळवारी-गुरुवारी, शेकडो पाहुणे आणि ओव्हनभर कोंबडीचं भरीत घालून होत नाही. साधं, लहान, सोयीच्या वेळी. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायाच्या शेवटी विधवेबद्दल स्पष्टच म्हटलं आहे: नवरा मेल्यावर तिची इच्छा असेल त्याच्याशी लग्न करायला ती मोकळी आहे. आणि पुढे दोन शब्द जोडले आहेत. केवळ प्रभूमध्ये.

आमिश मंडळी या दोन शब्दांचा अर्थ अगदी नेमका लावतात. प्रभूमध्ये म्हणजे आपल्या मंडळीत, आपल्या चर्चच्या समुदायात, बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाशी. आणि तिला हे कुणी आज सांगत नाही, तिने ते विशीच्या उंबरठ्यावर स्वतः मान्य केलेलं असतं. आमिशांत बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही जणांनी मोठेपणी, समजून-उमजून बाप्तिस्मा घेतला. ही परंपरा तिथून निघाली आणि त्यापायी शेकडो माणसं जाळली-बुडवली गेली. त्यामुळे आमिश मुलगी अठरा-वीस वर्षांची झाली की उन्हाळाभर, उपासनेच्या एकाआड एक रविवारी, इतर उमेदवारांबरोबर १६३२ च्या ‘डॉर्ड्रेख्ट’ या श्रद्धेच्या जाहीरनाम्याची अठरा कलमं शिकते. बारावं कलम लग्नाचं, सतरावं वाळीत टाकण्याचं. शेवटी ती सगळ्या मंडळीसमोर गुडघे टेकते. बिशप तिच्या डोक्यावर हातांची ओंजळ धरतो, डीकन, म्हणजे मंडळीतला त्याचा मदतनीस, त्या ओंजळीत पाणी ओततो आणि ते तीनदा तिच्या केसांवरून ओघळतं. बिशप हात देऊन तिला उठवतो, बिशपची बायको तिचं चुंबन घेते. ज्या नियमाने तिला एक दिवस दूर लोटतील, तो नियम ती अशी गुडघ्यांवर बसून स्वीकारते. तिच्या प्रेमकथेतला सगळ्यात मोठा प्रसंग तो परका दारात येण्याच्या पंधरा वर्षं आधी घडून गेलेला असतो. हे ज्याच्या लक्षात आलं त्याच्या हाती ही गोष्ट लागली, असं माझं मत आहे.

म्हणूनच बाप्तिस्मा न घेतलेल्या पोरीने बाहेरच्याशी लग्न केलं तर घरात रडारड होते, पण तिला वाळीत टाकत नाहीत. विधवेला ती पळवाट नाही.

आपल्याकडच्या वाळीत टाकण्याशी याची तुलना मनात येतेच. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. जातपंचायतींच्या बहिष्कारांविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला. आपला बहिष्कार जन्माने मिळालेल्या जातीतून येतो, माणसाने काही कबूल केलेलं असो वा नसो. आमिशांचा मायडुंग, म्हणजे त्यांचं वाळीत टाकणं, स्वतः दिलेल्या शब्दातून येतो. दोन्हींत सोसणारं माणूस तेवढंच एकटं पडतं, हे मला नाकारायचं नाही. पण लँकेस्टरच्या विधवेला कुणा दुष्टाकडे बोट दाखवायची सोय नाही, आणि त्यामुळे तिचं दुःख वेगळ्या जातीचं होतं.

खलनायक बिशप ही तर या प्रकारच्या लेखनातली सगळ्यात आळशी खोड आहे. बिशप पगारी धर्मगुरू नसतो, तोही शेतकरी असतो आणि त्याने हे पद मागितलेलं नसतं. मंडळीतले स्त्री-पुरुष योग्य वाटणाऱ्यांची नावं सुचवतात, तेवढी भजनाची पुस्तकं टेबलावर मांडतात, त्यांतल्या एकात चिठ्ठी असते. ज्याच्या हाती ती निघते तो त्या दिवसापासून मरेपर्यंत सेवक. चिठ्ठी निघाली की घरचे लोक रडतात. बिशप निवडायचा तोही अशाच सेवकांतून, पुन्हा चिठ्ठी टाकून. तो तिचा मामा असू शकतो. तिच्या नवऱ्याला मूठमाती दिली तेव्हा प्रार्थना त्यानेच वाचली असेल.

प्रकरण पुढे कसं सरकतं तेही कॅलेंडर ठरवतं. व्यापारी हिवाळ्यात येतो. वसंतात प्रभुभोजन असतं आणि त्याआधी दोन आठवडे नियमांची सभा. त्या दिवशी सगळे नियम पुन्हा सांगितले जातात आणि प्रत्येकाने आपलं मन मंडळीशी आणि शेजाऱ्याशी स्वच्छ आहे असं म्हणायचं असतं. कुठे बेबनाव असला तर प्रभुभोजन पुढे ढकलतात, सगळ्यांचंच. म्हणजे तिच्या मनातली एक गोष्ट पूर्ण वस्तीची भाकर आणि द्राक्षरस अडवू शकते. सभेआधीच डीकन आणि एखादा सेवक तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसतील, हळू आवाजात विचारतील. मत्तयच्या अठराव्या अध्यायात हा क्रम घालून दिलेला आहे: आधी एकट्याने समजावा, मग दोघा-तिघांनी, मग मंडळीपुढे. शेवटी मत घेतात, आणि मत बायकाही देतात. तिच्या सख्ख्या बहिणीलाही बाकावर बसून हो किंवा नाही म्हणावं लागतं.

मालमत्तेचं मी थोडक्यात सांगते, कारण लेखक हा भाग टाळतात आणि त्याशिवाय बाईचा निर्णय हवेत तरंगतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील, तर तेव्हाच्या पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने विधवेला शेताच्या एक तृतीयांशाचा हयातभर हक्क मिळे. पण जर्मन शेतकऱ्यांच्या मृत्युपत्रांत एक वाक्य वारंवार भेटतं: ‘ती माझी विधवा राहील तोवर.’ तोवर तिला घरातली खोली, फोडून दारात रचलेलं सरपण, वर्षाचे गहू, डुकराचं मांस, एका गाईचा चारा. दुसरं लग्न केलं की हे सगळं थांबणार. बाप गेलेल्या अज्ञान मुलांच्या वाट्यावर ऑर्फन्स कोर्ट पालक नेमत असे, आणि तो बहुधा बापाकडचा नातेवाईक. तिला स्वतःपुरता विचार करून चालत नाही.

आता वाटा दोनच. पहिली, त्याने आत यायचं. दार बंद नाही. मिशी काढायची, घड्याळाची साखळी आणि कोटाची बटणं सोडायची, एखाद्या कुटुंबात राहून राबायचं, लूथरच्या जर्मनमधलं बायबल वाचायला शिकायचं, तीन-तीन तासांच्या उपासनेत पाठ न टेकता बाकावर बसायचं. त्यातलं ‘लोबलीड’ हे एकच भजन संथ चालीत वीसेक मिनिटं चालतं. मग उन्हाळाभर ती अठरा कलमं. आणि बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येक पुरुष एक वचन देतो: चिठ्ठी माझ्या नावाने निघाली तर मी सेवक होईन. गेटिसबर्गला बंदूक चालवलेल्या माणसाने हे गुडघे टेकून म्हणायचं. खरी परीक्षा पुढे आहे. तो देवासाठी आला की तिच्यासाठी, हे मंडळी विचारणार, आणि प्रामाणिक माणसाला याचं उत्तर देता येणार नाही. असे फार थोडे आले, आलेल्यांतले थोडे टिकले.

दुसरी वाट, तिने बाहेर जायचं. या वाटेचं चित्रण करताना लेखक दार आपटतात, तिच्या नावाची कबर खोदतात. प्रत्यक्षात दार उघडंच असतं, ती आईला भेटायला येऊ शकते. याकोब आमानने १६९३ मध्ये वेगळी चूल मांडली तीच मुळी या मुद्द्यावर. बहिष्कृताला प्रभुभोजनापासून दूर ठेवून भागतं, की रोजच्या जेवणाचं ताटही वेगळं करायचं? आमान म्हणाला, ताटही. त्यामुळे या कथेचा शेवटचा प्रसंग जेवणाच्या टेबलाशीच घडतो.

तो कधीच सभासद नव्हता. त्याने शब्द मोडलेला नाही, म्हणून त्याला मायडुंग लागत नाही. तिच्या पोरांचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यांनाही लागत नाही. रविवारी दुपारी ती चौघं आईच्या घरी येतात. मोठ्या टेबलावर तिचा भाऊ सरकून त्याला जागा करून देतो, पोरं आजीच्या दोन्ही बाजूंना बसतात. खिडकीखाली एक लहान टेबल मांडलंय, वेगळ्या कापडाचं, मोठ्या टेबलापासून हातभर अंतरावर. ती तिथे बसते. सगळे मान खाली घालून मूक प्रार्थना करतात, तीही करते. मग आई बटाट्यांचं भांडं घेऊन तिच्याकडे येते. तिच्या हातात देत नाही. लहान टेबलाच्या कडेला ठेवते, हात मागे घेते आणि लेक ते उचलेपर्यंत तिथेच उभी राहते.